‘एवढं तरी शिका’ असं बोलून गेलो

ताई,

मी कळव्याला राहतो. रोज ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरने रबाळ्याला नोकरीला जातो. माझ्या बाबांचं बरंच लेखन युनिकोडच्या, म्हणजे आज सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये होतं. नव्या संगणकावर तो फॉन्ट चालेना आणि सगळे लेख म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन बसले. म्हणून मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा एक कन्व्हर्टर लिहिला. बाबांचं काम झालं, तेव्हा इतरांनाही उपयोग होईल म्हणून तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली गिटहबवर, म्हणजे कोड सर्वांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर, टाकला. त्याला चार वर्षं झाली.

आता डीटीपीवाले, छोटे प्रकाशक, सोसायट्यांचे सेक्रेटरी, शिक्षक असे पुष्कळ लोक तो वापरतात. रात्री घरी आलो की मेसेज असतातच. ‘विंडोजची ईएक्सई द्या, क्लिक केलं की चालणारी फाइल.’ ‘मोबाइल ॲप कधी?’ ‘ते कमांड वगैरे आम्हाला जमत नाही.’ एकाने लिहिलं, ‘अर्धवट वस्तू लोकांना देता कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘वेळ नसेल तर रिपॉझिटरीचे (कोडच्या साठ्याचे) अधिकार मला द्या, मी करतो.’ एका मुद्रकाने पैसे देऊ केले, पण मग तो हक्कच सांगेल या भीतीने मी नको म्हटलं. बायको म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजणं बंद कर.

मागच्या महिन्यात नौपाड्यातल्या एक निवृत्त शिक्षिका पायथन कसं टाकायचं हे विचारायला तिसऱ्यांदा फोन करत होत्या. त्या दिवशी ऑफिसात रिलीज होता, डोकं तापलेलं होतं. मी बोलून गेलो, ‘बाई, फुकट मिळतंय ना, मग एवढं तरी शिका.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या. पुन्हा फोन आला नाही. सगळं काढून टाकू का? आणि माझं चुकलं का?

— एक स्वयंसेवक, कळवा

*

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पत्रभर तोच जास्त टोचत असल्याचं जाणवतं.

हो, चुकलं. मदत नाकारण्यात मात्र काही चुकलं नसतं. तिसऱ्या फोनला ‘बाई, आज मला नाही जमणार’ एवढं म्हणून ठेवून देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. चूक झाली ती ‘शिका’ या शब्दात. पायथन टाकताना पहिल्याच खिडकीत तळाशी एक बारीक चौकट असते, पाथमध्ये जोडण्याची. तिथे खूण करायची राहिली की नंतर कमांड कितीही वेळा लिहा, विंडोज म्हणतं पायथन सापडत नाही. तुमच्या हाताला सवय आहे, तुम्हाला ती चौकट दिसतही नसेल. ज्यांनी जन्मभर फळ्यावर व्याकरण शिकवलं त्यांना तिचं महत्त्व कुठून कळावं? तरी त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला. जिला शिकायचं नसतं ती बाई तिसरा फोन करत नाही.

मला हे इतकं का लागलं तेही सांगते. मी स्वतः पंधरा वर्षं नौपाड्यात डीटीपीचं काम केलं. पेजमेकरवर लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, काही दिवाळी अंक. तेव्हा मराठी सॉफ्टवेअरबरोबर ‘लॉक’ यायचं. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. ते लावलेलं असेल तरच मराठी उमटायचं. एका दिवाळीच्या तोंडावर माझं लॉक बिघडलं. ज्यांच्याकडून घेतलं होतं ते म्हणाले, लॉक गेलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं, नवीन घ्या. अंक छापायला जायला चार दिवस उरले होते. मी पैसे भरले. माझ्याच बोटांनी टाइप केलेलं मॅटर मला पुन्हा विकत घ्यावं लागलं. तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअर हा माझ्यासाठी तत्त्वाआधी पोटाचा विषय आहे, आणि तुमच्यासारख्या माणसाने रात्री जागून काय केलंय याची मला पक्की जाणीव आहे.

इतर वाचकांसाठी ते काम जरा उलगडून सांगायला हवं. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी. शिवाय अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलट. जुन्या फॉन्टात तो अक्षराच्या मागून येतो, युनिकोडमध्ये र् अक्षराच्या आधी जातो. आता ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द घ्या. वेलांटी मागे सरकवायची आणि रफार उचलून ‘थ्यां’ हे सगळं जोडाक्षर ओलांडून पुढे न्यायचा. त्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे ठेवायचे, नाहीतर लग्नाच्या जेवणाचे पैसे गुरुजींना पोचतील. शब्दाशब्दाला असे सापळे आहेत. हे चार वर्षं निस्तरणाऱ्या माणसाला ‘अर्धवट वस्तू देता कशाला’ विचारणाऱ्याने एकदा तरी एक पान हाताने बदलून पाहावं.

ईएक्सई मागणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. ‘फक्त एक फाइल तर बनवायची’ असं वाटतं, पण ते मूळ कामाइतकंच वेगळं काम आहे. पायथनचा सगळा पसारा एका फाइलीत बांधायचा. बांधलेल्या फाइलीवर अँटिव्हायरस उगाचच संशय घेतात, हा तर नेहमीचा अनुभव. विकासकाने सहीचं प्रमाणपत्र घेतलेलं नसेल तर विंडोज निळा पडदा आणून घाबरवतं, आणि ते प्रमाणपत्र मुदत संपली की पुन्हा पैसे मोजून घ्यावं लागतं. प्ले स्टोअरवर खातं उघडायला २५ डॉलर लागतात. ते एकदाच, पण नवीन वैयक्तिक खातं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ माणसांनी सलग १४ दिवस ते तपासावं लागतं. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर. म्हणजे फुकट दिलेली वस्तू सोपी करून द्यायची तर देणाऱ्यालाच पदरमोड. मागणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, म्हणून आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यासारखी त्याची मागणी देणाऱ्याला झोंबते.

तरीसुद्धा मागण्यात खोट आहे असं मला वाटत नाही, आणि इथे मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे. कोड उघडा ठेवला म्हणजे वस्तू सर्वांना मिळाली, असं आपल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींना फार लवकर वाटतं. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. कुठल्याही ग्रंथालयात पुस्तकं जमवली की काम संपत नाही. कुणीतरी त्यांना नंबर घालतं, नोंद करतं, कपाटातून काढून हातात देतं. तुमच्याकडे पुस्तकं आहेत आणि देवघेवीच्या टेबलाशी कुणीच नाही. दारात उभा असलेला वाचक ‘पुस्तक कुठे आहे’ विचारतो तेव्हा तो आळशी नसतो.

डेबियन या मुक्त लिनक्स कार्यप्रणालीच्या मोठ्या प्रकल्पातही हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. १९९३ पासूनचा हा प्रकल्प मुक्ततेच्या बाबतीत कमालीचा कडक. वायफायच्या चिपला लागणारं, कंपन्यांनी बंद ठेवलेलं फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेत नसत. परिणाम असा की नव्या लॅपटॉपवर डेबियन टाकायला बसलं की वायफायच चालायचं नाही, आणि माहितगार माणूस हळूच सांगायचा की दुसरीकडे एक अनधिकृत इन्स्टॉलर आहे, तो घे. ज्याला माहितगार भेटला नाही तो परत गेला. शेवटी २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. मला तो निर्णय पटला. तत्त्व जपणारे चुकीचे नव्हते, पण त्या तत्त्वाची किंमत नेमकी नवख्या माणसाकडून वसूल होत होती.

तेव्हा ईएक्सई मागणारा चूक नाही आणि ती न देणारे तुम्हीही चूक नाही. ते काम कुणी करायचं, एवढाच प्रश्न उरतो. ते तुम्हीच करायला हवं असं परवान्यात कुठेही लिहिलेलं नाही. जीपीएलमध्ये कसलीही हमी नाही हे ठळक मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ते तुमच्यासारख्यांसाठीच.

आता त्या अधिकार मागणाऱ्या गृहस्थांबद्दल. त्यांच्या मनात काही वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण थकलेल्या मनाने किल्ल्या देऊ नका. एक्सझेडची हकीकत तुमच्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे, तरी इथे सांगते. फाइली दाबून लहान करणारं हे साधं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते फिनलंडचे लासे कॉलिन सांभाळत, बिनपगारी, हौसेने. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणं लागलं, काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याला द्या. आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हे विनामोबदला चाललेलं काम आहे, असं त्यांनी उघडपणे लिहिलं होतं. तरी रेटा थांबला नाही. मदतीला ‘जिया तान’ नावाचा एक गुणी माणूस होता, हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले. २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच नावाने चोरदार बसवलेलं निघालं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो त्याच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने ते जगासमोर आणलं. म्हणून वाचलो.

ही गोष्ट वाचून मला त्या चोराइतकाच राग आला तो ‘अजून का नाही झालं’ म्हणत राहण्याच्या आपल्या सवयीचा. कारण त्या रेट्यात खोट्या नावांचा आवाज खऱ्या वापरकर्त्यांच्या आवाजासारखाच वाटला. तक्रारीचा तो सूर इतका ओळखीचा होता की कुणाला वेगळं काही जाणवलंच नाही.

तुमच्या त्या गृहस्थांना अधिकार न देताही ईएक्सई करता येते. जीपीएलने ती मुभा आधीच दिली आहे. त्यांना सांगा, तुमच्या नावाने प्रत काढा, तुमच्या नावाने बांधा, कोडही सोबत उघडा ठेवा, सहा महिने नीट चालवा. मी माझ्या पानावर तुमचा दुवा देईन. खरंच करायचं असेल तर ते करतील. पुढे ओळख वाढली, दोघं एकदा तलावपाळीवर बसून बोललात, की अधिकारांचं बघा.

पैशांच्या बाबतीत मी तुमच्या भीतीशी सहमत नाही. मुक्त सॉफ्टवेअरला पैसे घेऊ नयेत हा आपल्याकडचा गैरसमज ‘फ्री’ या शब्दाने पसरवला. जीपीएल विकायला मनाई करत नाही. आर्डर नावाचं ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आहे, त्याचा कोड कुणीही फुकट घ्यावा, पण बांधून तयार हवं असेल तर पैसे द्यावे लागतात. क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर त्यांच्या साइटवरून फुकट, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलं तर विकत. सोय करून देण्याला किंमत आहे हे त्यांनी लपवलं नाही. तुम्ही पैसे मोघम घेतलेत तर हक्क सांगितला जाईल, हे मात्र खरं. म्हणून मोघम घेऊ नका. त्या मुद्रकाला विचारा, तुमचा कुठला फॉन्ट अडतोय? त्या एका फॉन्टचा तक्ता करून द्यायचे इतके पैसे, इतक्या दिवसांत, आणि झालेलं काम सर्वांसाठी खुलं राहील. तो त्यावर धंदा करतो, त्याला हे कळतं. मी डीटीपी करत असताना मला कुणी असं म्हटलं असतं तर मी लॉकच्या निम्म्या किमतीत आनंदाने दिले असते. बाईंकडून मात्र एक रुपया घेऊ नका.

काढून टाकू का, या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट नाही. ज्यांना गिटहब कळतं त्यांच्याकडे प्रती आहेतच, त्यांचं काही बिघडणार नाही. दार बंद होईल ते बाईंसारख्यांसाठी. अगदीच उबग आला असेल तर गिटहबवर प्रकल्प संग्रहित करायची सोय आहे. मग तो फक्त वाचण्यापुरता राहतो, मेसेज थांबतात, मन झालं की पुन्हा उघडता येतो. थांबण्यात कमीपणा नाही. न सांगता गायब होणं तेवढं टाळा.

पण मला वाटतं तुम्हाला थांबायचं नाहीये, तुम्हाला रात्री जेवताना फोन वाजायला नकोय. त्यासाठी आधी तुमचा नंबर त्या पानावरून काढा. दुसरं, रीडमी, म्हणजे प्रकल्पाचं माहितीचं पान, मराठीत लिहा. मराठीसाठी बनवलेल्या साधनाची माहिती फक्त इंग्रजीत असेल, आणि तुमच्याकडे ती तशीच असावी असा माझा अंदाज आहे, तर अर्धे फोन त्यातूनच येतात. सुरुवात काहीशी अशी करा: ‘हे मी नोकरी सांभाळून करतो. रविवारी सकाळी दोन तास आलेले निरोप पाहतो, इतर वेळी पाहत नाही. शब्द चुकला असेल तर फॉन्टचं नाव, मूळ मजकुराच्या दोन ओळी आणि काय यायला हवं होतं ते कळवा. ईएक्सई आणि मोबाइल ॲप मी देत नाही.’ शेवटचं वाक्य लिहायला जड जाईल. तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. ‘बघतो’, ‘वेळ मिळाला की करतो’ असं आपण भिडेखातर म्हणतो आणि समोरचा माणूस ते वचन म्हणून धरून ठेवतो.

आणखी एक सुचवते, हौस असेल तरच करा. तुमचा कन्व्हर्टर म्हणजे मुळात अक्षरांचे तक्ते आणि क्रम बदलण्याचे नियम. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहून एकाच एचटीएमएल फाइलीत बसवता आले तर ना पायथन टाकायला लागेल, ना प्रमाणपत्र, ना स्टोअर. वरच्या चौकटीत जुना मजकूर चिकटवा, खालच्या चौकटीत नवा घ्या. ब्राउझरमध्ये चालेल, मोबाइलवरही उघडेल, पेनड्राइव्हवर देता येईल, इंटरनेट नसलं तरी अडणार नाही. सोसायटीचे कागद असोत की कुणाची खासगी पत्रं, मजकूर त्या संगणकाबाहेर जाणार नाही. गिटहब अशी पानं फुकट ठेवू देतं. फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांना यापेक्षा जास्त काही नको असावं. ते ईएक्सई म्हणतात कारण त्यांना तोच शब्द माहीत आहे.

हे पान कुणासमोर बसून तपासायचं, तर बाईंसमोर. तुम्ही चुकीचा रफार शोधायला प्रोग्राम लिहाल, त्यांना तो पान उलटताना दिसेल. हजारो वह्या तपासलेली नजर आहे ती. ‘आचाऱ्यांना’ कुठे फसलंय हे त्या पहिल्या वाचनात सांगतील, आणि सूचना नवख्याला कळेल अशा मराठीत कशी लिहायची हेही. त्यांना वेळ आणि इच्छा असेल तर. माफीच्या बदल्यात काम गळ्यात घालू नका.

म्हणून आधी नुसता फोन करा. ऑफिसातल्या रिलीजचं कारण सांगू नका. ‘बाई, त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं, अडचण तुमच्याकडे नव्हती’ एवढं म्हणा आणि त्यांना बोलू द्या. मग विचारा की त्यांच्याकडे कुठला मजकूर अडकलाय. तीन फोनांत तुम्ही तो विचारलात का, ते पत्रात कुठे दिसलं नाही. त्या म्हणतील ती फाइल मागून घ्या आणि या रविवारच्या दोन तासांत ती एकदा तुम्हीच बदलून पाठवा.